दीडशे मीटरचं घड्याळ आणि चाळीस फुटांची विहीर

मामांनी घड्याळ माझ्या हवाली केलं तेव्हा ते चालू होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्याचं जे झालं त्यातलं बहुतेक माझ्या हातून झालं. काच चरे पडून धुरकट झाली होती, काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरचा काळा रंग उन्हानं राखाडी पडला होता आणि दिवसाकाठी ते चार-पाच मिनिटं मागे पडायचं. एवढंच. मामा १९८० च्या दशकात पाइप फिटर म्हणून कुवेतला होते. तिथून आलेला टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या यांची केव्हाच वाट लागली. घड्याळ तेवढं टिकलं. शिरपूरजवळच्या शेतात फवारणी करताना, मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढायला विहिरीत उतरताना ते मनगटावर असायचं. पुढे मोतीबिंदूमुळे आकडे दिसेनात, तेव्हा ते माझ्याकडे आलं. "तू गणिताचा मास्तर आहेस, तुले समजते यातलं," असं मामा म्हणाले. गणिताचा आणि घड्याळाचा संबंध काय, हे मीही तेव्हा विचारलं नाही.

घड्याळ सिकोचं, पाणबुड्यांसाठी बनवलेलं. पाठीमागच्या झाकणावर उसळती लाट कोरलेली आणि ६३०९-७०४० हा आकडा. हे मॉडेल सिकोनं १९७६ पासून १९८८ पर्यंत बनवलं. पाणबुड्याच्या घड्याळाचं आज ओळखीचं असलेलं रूप १९५३ च्या सुमारास स्विस कंपन्यांनी ठरवलं, आणि सिकोचं त्या धर्तीचं पहिलं घड्याळ १९६५ मध्ये आलं. पाण्यात शिरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, म्हणजे आत किती वेळ झाला हे वजाबाकी न करता कळतं. पाठीवरच्या टाकीत हवा किती उरली असेल त्याचा अंदाज त्यावरून. चावी स्क्रूसारखी आवळायची, झाकणही आट्यांचं, काचेखाली, चावीत आणि झाकणाला रबराची कडी. १५० मीटर खोलीपर्यंत पाणी आत येऊ नये म्हणून हा सगळा बंदोबस्त.

वाशीमहून समुद्र रस्त्यानं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे खोल पाणी म्हणजे एकबुर्जी, कारंज्याकडचं अडाण धरण आणि विहिरी. पण आखातातून परतणाऱ्याला पाण्यात बुडी मारायची नसायचीच. त्याला जड, भक्कम, चार लोकांत दिसणारं घड्याळ हवं असायचं. आत इंग्रजी आणि अरबी, दोन्ही भाषांतले वार होते. मामांनी ते अरबीवरच ठेवलं होतं, आणि गावात कुणी "आज कोणता वार?" विचारलं की मनगट पुढे करून गंमत बघायचे.

मला ते नवं करायचं होतं, हीच गोम. वाशीमच्या एका दुकानात काच बदलायला दिली. कारागीर म्हणाला, "सर, हे वरचं कडं पण पार गेलं. नवी रिंग लावून देऊ?" मी म्हटलं, लावा. जुनी रिंग परत घ्यायची असते हे डोक्यातही आलं नाही. मोटारसायकलची जुनी क्लचप्लेट कुणी घरी आणतं का? पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं, की मूळ अॅल्युमिनियमची, उन्हानं एकसारखी राखाडी झालेली रिंग मिळवण्यासाठी जगभर शौकीन लोक धडपडतात, नव्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. माझी गेली कचऱ्यात. नव्या रिंगेचे आकडे जाड, त्रिकोण किंचित तिरका. आणि काच? मूळ काच कंपनीची कडक केलेली, जाड, रबरी कड्यावर दाबून बसवलेली. नवी बसवली ती मोठ्या काचेतून कापलेली, कडेनं गोंद लावून. चकाचक दिसली. मी खूश होऊन पैसे दिले. कारागिराला दोष देता येत नाही. त्याला मी फक्त "काच टाका" एवढंच सांगितलं होतं. पाण्याचा विषय मी काढलाच नव्हता.

तो विषय उन्हाळ्यात निघाला. भाचे-पुतणे सुट्टीला आले होते, विहिरीत पोहायला शिकत होते, पाठीला रिकामे डबे बांधून. मी वरून सूचना देत होतो. एकानं विचारलं, "काका, हे घड्याळ पाण्यात चालते?" आता दीडशे मीटरचं घड्याळ आणि चाळीस फुटांची विहीर, त्यातही पाणी निम्मंच. मी शर्ट काढला आणि उडी मारली. वर आलो तेव्हा घड्याळ चालू होतं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत काचेच्या आतून दव धरलं होतं.

डायलवर छापलेली १५० मीटर ही खोली घड्याळ कारखान्यातून निघतानाची असते. रबर म्हातारं होतं, कडक होतं, चिरतं. दर काही वर्षांनी कडी बदलावी लागतात, त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लावावं लागतं आणि घड्याळ दाबाच्या यंत्रात तपासून घ्यावं लागतं. आमच्या तालुक्यांच्या गावांत असं यंत्र मला तरी कुठे दिसलं नाही. मामांच्या घड्याळाचं रबर किती वर्षांचं होतं देव जाणे, पण काचेखालचं तर मीच काढायला लावून तिथे गोंद भरला होता. त्यावर कडी म्हणजे, दव दिसल्यावर त्याच रात्री झाकण उघडून सुकवायला हवं होतं. मी मोबाइलवर लागू पडणारा उपाय केला: तांदळाच्या डब्यात आठवडाभर ठेवलं. त्या आठवड्यात आमच्या विहिरीच्या क्षाराच्या पाण्यानं आत निवांत काम केलं. उघडलं तेव्हा चावीच्या रॉडला गंज, वार-तारखेच्या चकत्यांचा रंग फुगलेला, डायलवर सहाच्या बाजूला तपकिरी डाग. चालायचं बंद.

आता भाग शोधणं आलं.

माझा समज होता की भाग काय, मिळतीलच. हा समज एचएमटीनं करून दिलेला. १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरूला घड्याळं बनू लागली, लग्नात जावयाला एचएमटी देण्याची रीतच पडली. २०१६ मध्ये सरकारनं कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तरी आजही मालेगाव-रिसोडच्या जुन्या कारागिराकडे डब्यातून 'जनता'ची चावी, बालकमान, काटे निघतात. ज्याचं पीक इथलंच, त्याचं बियाणं इथे मिळणारच. जुन्या वऱ्हाडी घरांतून निघणाऱ्या फाव्र-ल्यूबाचं मात्र तसं नाही. त्या कंपनीचा मुंबईशी एकोणिसाव्या शतकापासूनचा संबंध, १९६४ चं त्यांचं पाणबुड्यांचं 'डीप ब्लू' आज दुर्मीळ. २०११ मध्ये टायटननं नाव विकत घेतलं, पुढे ते पुन्हा दुसऱ्यांच्या हातात गेलं. पण नाव विकत घेतल्यानं पन्नास वर्षांपूर्वीची चाकं बनत नाहीत. सिकोचं तर आणखीनच अवघड. त्या काळात ही घड्याळं आपल्याकडे यायची ती आखातातून परतणाऱ्यांच्या मनगटावरून, नाहीतर चोरट्या मार्गानं. माल आला, पण त्याच्या मागून सुटे भाग अधिकृतपणे कधी आलेच नाहीत.

फोनवर मुंबईच्या एका विक्रेत्याला मी रुबाबात सांगितलं, "६३०९ ची डायल हवी." तो म्हणाला, "है ना साहब." पाकीट आलं. आत निळीशार डायल, नारिंगी पट्टे, वर 'सिको ५'. मापानं लहान. मी भांडायला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "६३०९ ही दी है." खरंच दिली होती. झाकणावरच्या आकड्यातले पहिले चार अंक मशीनचे असतात, पुढचे चार बॉडीचे. ६३०९ हे मशीन सिकोनं कितीतरी साध्या घड्याळांत घातलंय. डायलचा नंबर आणखी वेगळाच. तो डायलच्या खालच्या काठावर, सहाच्या खाली, भिंगाशिवाय वाचता येणार नाही एवढ्या अक्षरात छापलेला असतो. वर्गात मी पोरांना "उदाहरण आधी नीट वाचा" म्हणून ओरडत असतो.

दुसऱ्यांदा पूर्ण नंबर सांगितला. या खेपेला डायल मापात आली, काळी, 'जुना स्टॉक' म्हणून. महाग. मी बसवून घेतली आणि फोटो काढून मित्रांना पाठवले. अकोल्याच्या एका जाणकारानं फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "ही तुम्ही रंगवून घेतली का?" जुनी डायल घासून त्यावर पुन्हा छपाई केलेली. अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मिनिटांच्या खुणा आणि चमकणारे ठिपके एका रेषेत नाहीत. परदेशी शौकिनांत अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' हे कुत्सित नाव आहे. मला ते नाव ऐकून राग येतो. ज्या देशात भाग येऊच शकत नव्हते, तिथल्या कारागिरांनी चार मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत केलं, डायल हातानं रंगवून कुण्या शिपायाच्या, कुण्या शिक्षकाच्या मनगटावर दिलं. त्यात लबाडी नव्हती. लबाडी तेव्हा होते जेव्हा तीच डायल 'ओरिजनल' म्हणून विकली जाते आणि माझ्यासारखा हावरट ती न तपासता घेतो. नशीब एवढंच, की या वेळी डाग पडलेली मूळ डायल मी टाकली नव्हती. तीच परत लावली. डाग आहे. असू दे.

मशीनसाठी अकोल्याहून एक साधं सिको ५ घेतलं, बंद पडलेलं, काच फुटलेली, पण आत तेच ६३०९. ही गोष्ट मात्र बरोबर केली. सतरा ज्वेलचं, तासाला २१,६०० ठोके देणारं मशीन. चाकं, बॅलन्स, कमान, सगळं एकमेकांत बसतं. पाणबुड्याच्या घड्याळात काही वेगळं दैवी यंत्र नसतं, संरक्षण सगळं बॉडीत असतं. कारागिरानं गंजलेले भाग काढून तिथले घातले आणि घड्याळ चालू झालं. मग मी म्हटलं, वार-तारखेच्या चकत्याही त्याच्याच घालून टाका. घातल्या. घरी येऊन पाहतो तर तारखेच्या खिडकीत एका तारखेचा खालचा अर्धा आणि दुसरीचा वरचा अर्धा, दोन्ही तिरके. आठवडाभर मी ते चावीनं मागेपुढे करत राहिलो, जणू कधीतरी आपोआप जुळेल.

मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याकडे जाताना एक जुने कारागीर बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी भिंग डोळ्याला लावलंही नाही. "सर, हे मशीन तीनच्या चावीचं हाय. तुमची चावी तं चारला." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

चहा पिताना मी कागदावर मांडलं. मामांच्या घड्याळाची चावी तीनच्या जागी नाही, चारच्या जागी आहे, मनगटाला रुतू नये म्हणून. त्यामुळे आतलं मशीन डायलच्या मानानं साधारण ३० अंश फिरलेलं असतं. तारखेची खिडकी मात्र तीनच्या जागीच. तारखेच्या चकतीवर ३१ घरं, म्हणजे एक घर ३६० भागिले ३१, साडेअकरा अंशांच्या थोडं वर. ३० अंशांत ही घरं अडीचच्या वर बसतात, पूर्ण तीन नाहीत. म्हणून खिडकीत नेहमी दोन तारखांची शीव येणार आणि आकडे थोडे कललेले दिसणार. चारच्या चावीसाठी आकडे वेगळ्या कोनात छापलेली चकतीच लागते. हा हिशेब आठवीतल्या पोरालाही जमेल. मी तो भाग विकत घेण्याआधी करायला हवा होता. चाचांनी कागद पाहिला, "बरोबर हाय," म्हणाले आणि सुचवलं की सिको ५ मध्येही पुष्कळांना चारची चावी असते, तसं एखादं बघा. तसं मिळालं, कारंज्याला, एका घरी ड्रॉवरमध्ये. तारीख आता सरळ आहे. वार इंग्रजी-हिंदीत सापडेल या आशेवर होतो; मिळाला तो इंग्रजी आणि स्पॅनिश. अरबी चकती गेलीच.

मध्येच मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना लख्ख दिसायला लागलं आणि त्यांनी निरोप धाडला, घड्याळ आण. मी घाबरलो. आतून काही का असेना, वरून तरी नवं दिसावं म्हणून बॉडी भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे दिली. त्यानं मशीनवर धरली. या घड्याळाच्या बॉडीची शान तिच्या वरच्या बाजूच्या बारीक रेघांत आणि बाजूंच्या धारदार कडांत असते. पाच मिनिटांत रेघा गेल्या, कडा गोल झाल्या, सगळं सारखंच चकाकू लागलं. रिंग दुसरी मिळते, काच मिळते, चकती मिळते. घासून गेलेलं पोलाद परत कुठून आणणार? या प्रकरणाबद्दल जास्त लिहवत नाही. मामांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं, "लय चकचकीत केलं बाप्पा," म्हणाले आणि परत माझ्याकडेच ठेवायला दिलं. ते कौतुक होतं की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

सगळ्यात मूर्खपणाची गोष्ट मात्र गोळीची. फिरतं कडं टिकटिक करत अडतं ते खालच्या एका बारीक पोलादी गोळीमुळे. गोळीखाली केसासारखी स्प्रिंग असते. नकली रिंग काढायची म्हणून मी एकदा घरीच सुरीच्या टोकानं कडं उचललं. चाचांनी बजावलं होतं की हे काम पॉलिथिनच्या पिशवीत हात घालून करा. कडं उडालं, त्याबरोबर गोळीही. पलंगाखाली, चटईखाली, सोयाबीनच्या पोत्यांमागे शोधली. मग सुचलं: जुन्या स्पीकरचा लोहचुंबक घेऊन फरशीवर फिरवला. खिळे, टाचण्या, पत्नीची हरवलेली सुई सापडली. गोळी नाही. हे करताना घड्याळ मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते तासाला मिनिटं मिनिटं पुढे पळायला लागलं. मी समजलो मशीन गेलं, अकोल्याचे भाग वाईट निघाले, आणि विक्रेत्याला मनातल्या मनात नको ते बोललो. प्रत्यक्षात बालकमानीला चुंबक लागलं होतं. तिचे वेटोळे एकमेकांना चिकटले की कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ घाई करतं. दुरुस्ती सोपी आहे, चुंबक काढणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. पण ते मागवायच्या आधीच आमच्या गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकनं प्रश्न सोडवला. जुन्या रंगीत टीव्हीच्या पडद्यावर रंगांचे डाग पडले की ते घालवायला त्यांच्याकडे तारेचं मोठं वेटोळं असायचं. त्यानं धूळ झटकून ते काढलं, विजेला लावलं, घड्याळावर फिरवत फिरवत हळूहळू लांब नेलं आणि मग स्विच बंद केला. जवळ असतानाच बंद केला तर उलट पुन्हा चुंबक लागतं, हेही त्यानंच सांगितलं. पैसे घेतले नाहीत. टीव्ही मेकॅनिकला घड्याळातलं मशीन दुरुस्त करता येतं यावर माझ्या पत्नीचा अजून विश्वास बसलेला नाही.

गोळीच्या जागी मी बॉलपेनच्या रिफिलमधली गोळी घालून पाहिली. बसली, पण कडं नुसतं गुळगुळीत फिरायला लागलं, टिकटिक आलीच नाही. आता बाहेरून मागवलेली गोळी, स्प्रिंग आणि तिन्ही रबरी कडी पाकिटात येऊन पडली आहेत. त्यांच्या किमतीपेक्षा टपाल आणि कर मिळून जास्त झाले. काचही योग्य जाडीची, रबरावर दाबून बसणारी मागवलीय. रिंग मात्र तिरक्या त्रिकोणाचीच आहे. मूळ रिंग विकणाऱ्या एकानं सांगितलेला भाव ऐकून मी फोन ठेवला. आणखी एक काम उरलंय: चावीचे आटे झिजलेत, चावी नीट आवळली जात नाही. आटे बॉडीच्या नळीवर असल्यानं नुसती चावी बदलून भागत नाही. चाचा म्हणाले की आधी मला पाहू द्या, तोवर कुणाला काही करू देऊ नका, तुम्ही तर मुळीच नका. पेरण्या आटोपल्या की मंगरूळपीरला या म्हणालेत. येताना काढलेला प्रत्येक जुना भाग, गंजलेला असला तरी, घेऊन यायला सांगितलंय. माझ्याकडे आता औषधाच्या रिकाम्या बाटलीत चावीचा रॉड, अर्धवट खाल्लेली चकती, निळी-नारिंगी डायल आणि रिफिलची ती गोळी आहे.